रेफर

निमाडच्या अगदी आतल्या पाड्यांतही एक इंग्रजी शब्द सर्रास चालतो. जिने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, जिची बारेली बोली इंदूरच्या डॉक्टरला अर्धीमुर्धी समजते, ती बाईसुद्धा तो बिनचूक वापरते: ‘रेफर कर दिया.’ वैद्यकाच्या पुस्तकात हा शब्द भला आहे. लहान दवाखान्यात जे जमणार नाही त्यासाठी रुग्णाला वेळेत, पहिले उपचार देऊन, पुढच्या दवाखान्याला आधी कळवून पाठवणं, असा त्याचा अर्थ. पाड्यावर पोचेपर्यंत तो झिजतो आणि एवढाच उरतो: इथून घेऊन जा, पुढे बघा.

बडवानी जिल्हा नर्मदेच्या दक्षिणेला, सातपुड्यात पसरलेला. आपल्या बाजूने पाहिलं तर धुळे-नंदुरबारचा शेजारी. महाराष्ट्रात ज्यांना पावरा म्हणतात तेच तिकडे बारेला. १९९८ साली हा जिल्हा खरगोनपासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथली सुमारे ६९ टक्के वस्ती आदिवासी होती. पाटी तालुक्यातल्या गरोदर बाईला त्रास सुरू झाला की तिची वाट ठरलेली. आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, मग पाटीचं सामुदायिक केंद्र, मग बडवानीचं जिल्हा रुग्णालय. तिथेही जमलं नाही तर अंजड, ठिकरी करत आग्रा-मुंबई रस्त्याला लागायचं, खलघाटला नर्मदा ओलांडायची, घाट चढायचा आणि इंदूरचं महाराजा यशवंतराव रुग्णालय गाठायचं. इंदुरात त्याला नुसतं ‘एमवाय’ म्हणतात. बडवानीपासून एमवाय सुमारे दीडशे किलोमीटर.

या दीडशे किलोमीटरला घड्याळ लावून बघा. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार झाले नाहीत, तर मृत्यू यायला सरासरी दोन तास लागतात, असा अंदाज या विषयाच्या अभ्यासकांनी मांडून ठेवला आहे. गरोदरपणातला रक्तदाब वाढून झटके येऊ लागले तर सुमारे दोन दिवस मिळतात. बाळंतपण अडलं तर तीन, जंतुसंसर्ग झाला तर सहा. संसर्ग झालेल्या बाईला इंदूरला पाठवण्यात अर्थ आहे. रक्तस्राव होणारी बाई इंदूरला पोचतच नाही. तिला वाचवायचं तर ते पाटीत किंवा बडवानीतच वाचवावं लागतं. झटके येणारीला दोन दिवस मिळतात खरे, पण मॅग्नेशियम सल्फेटचं पहिलं इंजेक्शन तिला निघण्याआधी मिळायला हवं. हे औषध स्वस्त आणि जुनं आहे. ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्याने झटके येण्याचा धोका निम्म्याहून खाली आणला होता.

म्हणजे प्रश्न औषध शोधायचा नव्हता. ते सुईत भरायला कोण हजर आहे, हा होता.

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी मातामृत्यूंचं एक साधं गणित मांडलं, ते आजही वापरतात. तीन उशीर. घरातून निघायला लागणारा, वाटेत होणारा, आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळेपर्यंतचा. पहिल्या उशिरासाठी बाईला, सासूला, सुईणीला आणि अंधश्रद्धेला दोष देता येतो. दुसऱ्यासाठी रस्त्याला. तिसऱ्यासाठी सरकारलाच देता येतो, आणि म्हणूनच की काय, सरकारी पोस्टरांवर तिसरा उशीर फारसा दिसत नाही.

एप्रिल २००५ मध्ये केंद्र सरकारने जननी सुरक्षा योजना सुरू केली. मध्य प्रदेशासारख्या मागे पडलेल्या राज्यांत खेड्यातल्या बाईने सरकारी दवाखान्यात बाळंत व्हावं, आणि तिला १,४०० रुपये मिळावेत. तिला घेऊन येणाऱ्या गावातल्या आशा कार्यकर्तीलाही मोबदला. योजनेने आपलं काम चोख केलं. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातली जेमतेम २६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती; २०१९-२१ मध्ये तो आकडा ९० च्या पुढे गेला. इतक्या थोड्या वर्षांत इतकी मोठी सवय बदलल्याची उदाहरणं आपल्या देशात विरळा. पहिले दोन उशीर पैशाने आणि गाडीने बरेच कमी झाले.

आणि त्याबरोबर सगळा भार तिसऱ्या उशिरावर येऊन पडला. खाटा तेवढ्याच राहिल्या, नर्स तेवढ्याच. मध्य प्रदेशातल्या तीन जिल्ह्यांत ७३ केंद्रांमधल्या २३३ नर्सना संशोधकांनी कागदावरच्या केसेस देऊन पाहिल्या: अशी बाई आली, असा रक्तस्राव होतोय, असे झटके येताहेत, तुम्ही काय कराल? २० पैकी सरासरी गुण पडले ५.४. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. यात नर्सना हसण्यासारखं काही नाही. ज्यांना कधी नीट शिकवलं नाही, त्यांच्यापुढे एकाएकी दुप्पट-तिप्पट बायका आणून उभ्या केल्या होत्या. भरत रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली नऊ राज्यांतल्या २८४ जिल्ह्यांचे आकडे तपासले. दवाखान्यातली बाळंतपणं पाच वर्षांत सरासरी २० टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेली होती, पण त्याचा जिल्ह्यातल्या मातामृत्यूंशी ठोस संबंध काही सापडला नाही. बायका दवाखान्यात आल्या होत्या, तरी मरायच्या थांबल्या नव्हत्या.

बडवानीत हे सगळं एका वर्षात उघड्यावर आलं.

नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस आठवा महिना लागलेल्या एका आदिवासी तरुणीला झटके येऊ लागले. घरच्यांनी वेळ घालवला नाही. बोकराटाचं प्राथमिक केंद्र, तिथून पाटी, पाटीहून बडवानीचं जिल्हा रुग्णालय. पहिला उशीर नाही, दुसराही फारसा नाही. जिल्हा रुग्णालयात तिचा जीव गेला. अशा मृत्यूनंतर एरवी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: बाप्ये गाडी शोधतात, बायका रडतात, रात्रीतच प्रेत गावी जातं आणि रुग्णालयाच्या वहीत एक ओळ वाढते. या वेळी जागृत आदिवासी दलित संघटनेने ती ओळ सोडली नाही. २८ डिसेंबर २०१० ला सुमारे हजार माणसं बडवानीत रस्त्यावर उतरली. हजार माणसं बाळंतपणात गेलेल्या एका बाईसाठी मोर्चा काढतात, हे दृश्य मी तरी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

मोर्च्यापेक्षाही पुढे उपयोगी पडली ती मृत्यूंची यादी. एप्रिल ते नोव्हेंबर २०१० या काळात बडवानीत २७ मातामृत्यू नोंदले गेले होते. जानेवारी २०११ मध्ये जन स्वास्थ्य अभियान, बडोद्याची ‘सहज’ ही संस्था आणि ‘कॉमनहेल्थ’ यांच्या वतीने एक पथक चौकशीला गेलं. त्यात सुभाश्री, एन. सरोजिनी आणि रेणू खन्ना होत्या. त्यांनी वह्या पाहिल्या, त्या घरच्यांना भेटल्या, अधिकाऱ्यांशी बोलल्या. जे सापडलं ते कोणालाही नवं नव्हतं. नवं होतं ते एकत्र लिहून काढलेलं असणं. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांची गरोदरपणात तपासणीच झालेली नाही. बाळंतपणाला प्रशिक्षित माणूस नाही. डोळ्यांसमोर स्पष्ट दिसणाऱ्या आणीबाणीतही तातडीचे उपचार नाहीत. आणि रेफर केलेल्या कित्येक जणींना पुढच्या ठिकाणीही उपचार मिळालेच नाहीत. त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली, जी सरकारी अहवालात सापडणं कठीण: गरीब बाईला, त्यातही आदिवासी बाईला, वेगळं वागवलं जातं. पैसे देऊन बायकांना दवाखान्यात बोलवायचं आणि दवाखाना मात्र तसाच ठेवायचा, या धोरणालाच त्यांनी हात घातला.

स्त्रियांच्या आरोग्यासाठी भांडणाऱ्यांचं खरं हत्यार हेच, असं माझं मत आहे. घोषणा विरतात, निवेदनं फायलीत जातात. कोण, कधी, किती वाजता, कोणत्या केंद्रातून, काय सांगून पुढे पाठवली गेली, हे लिहिलेलं उरतं. रुग्णालय नेहमी म्हणतं, ‘फार उशिरा आणली.’ वेळा लिहिलेल्या असल्या की उशीर कोणी केला ते वाचता येतं.

आता इंदूर. आपण मराठी माणसं इंदूर म्हटलं की राजवाडा, सराफा आणि होळकर यांच्यात रमतो. पण मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं खंडपीठही याच शहरात आहे आणि माळवा-निमाडच्या गाऱ्हाण्यांची शेवटची वाट बहुधा तिथेच येऊन संपते. बडवानीच्या मोर्च्याच्या दोन वर्षं आधी, २००८ सालीच, संदेश बन्सल यांनी या खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल केली होती. क्रमांक ९०६१. बन्सल ‘जन अधिकार मंच’ या संस्थांच्या जाळ्याचे समन्वयक. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या कागदावर प्रत्येक केंद्रात काय असेल याची सरकारने हमी दिली आहे, ती हमी मध्य प्रदेशात पाळली जात नाही आणि म्हणून बायका मरत आहेत. त्या सुमाराला राज्याचा मातामृत्यू दर, म्हणजे एक लाख जिवंत जन्मांमागे गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांत दगावलेल्या मातांची संख्या, ३३५ होती.

याचिकेत एक धूर्तपणा होता, चांगल्या अर्थाने. तिने सरकारकडे नवं काही मागितलं नाही. सरकारनेच छापलेलं वचन सरकारपुढे धरलं.

६ फेब्रुवारी २०१२ ला निकाल लागला. खंडपीठाने मान्य केलं की इमारती-सामग्री आणि माणसं दोन्ही कमी आहेत, आणि त्याची किंमत माता जिवाने मोजत आहेत. मग ते त्याच्या पुढे गेलं. गरोदरपणातून आणि बाळंतपणातून बाई जिवंत बाहेर येऊ न शकणं हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचं उल्लंघन आहे, आणि ती जिवंत राहील हे पाहणं सरकारचं पहिलं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने म्हटलं. सुविधा वाढवा, वेळेवर सेवा द्या, प्रशिक्षित माणसं नेमा, रेफरची व्यवस्था नीट लावा आणि सेवा नाकारली गेली तर दाद मागायची जागा तयार करा, असा आदेशाचा रोख होता.

हे आकाशातून पडलं नाही. अपघातातल्या जखमीला कोणताही डॉक्टर नाकारू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच सांगितलं होतं. पश्चिम बंगालमध्ये आगगाडीतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत लावलं, तेव्हा १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवलं की पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. जून २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बाळंतपणानंतर दगावलेल्या एका गरीब बाईच्या कुटुंबाला भरपाई दिली. इंदूरने या मालिकेत जे घातलं ते असं की एका बाईच्या मृत्यूवरून नजर उचलून सगळ्या राज्याच्या व्यवस्थेला जबाबदार धरलं.

इंदूरच्या निकालाच्या काही महिने आधी, २०११ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक समितीने ब्राझीलविरुद्ध एक निर्णय दिला होता. एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मातामृत्यूसाठी सरकारला दोषी धरल्याची ती पहिली वेळ. रिओजवळची ॲलिन नावाची २८ वर्षांची कृष्णवर्णीय बाई, सहा महिन्यांची गरोदर. लहान आरोग्य केंद्राने तिला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं ठरवलं आणि ती आठ तास गाडीची वाट पाहत राहिली. मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर खाट नव्हती. २१ तास ती व्हरांड्यात पडून होती आणि तिथेच गेली. तिचे वैद्यकीय कागद तिच्याबरोबर पाठवलेच नव्हते. गावांची नावं बदलली की ही गोष्ट पाटी-बडवानीची होते.

भांडण्याची किंमत कोण मोजतं, तेही सांगायला हवं. नोव्हेंबर २००८ मध्ये बडवानी जिल्ह्यातल्या मेणीमाता इथल्या प्राथमिक केंद्रातून परत फिरवलेली एक आदिवासी बाई बाहेर रस्त्यावरच बाळंत झाली. संघटनेने निदर्शनं केली. त्यातून गुन्हा दाखल झाला तो निदर्शकांवर, आणि त्याच जुन्या प्रकरणात मे २०१३ मध्ये संघटनेच्या माधुरी कृष्णस्वामी यांना अटक झाली. न्यायालयाने बाळंतपणात जगण्याचा हक्क मान्य करून तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं.

इंदूरच्या रुग्णहक्काच्या कामाची आणखी एक बाजू आहे, ती इथे जाता जाता. एमवायमध्ये झालेल्या औषधचाचण्यांवरून याच शहरात मोठं वादळ उठलं होतं. डॉ. आनंद राय यांनी माहिती बाहेर काढली, आणि इंदूरच्याच ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने चाचणीत भाग घेणाऱ्याच्या संमतीचं चित्रीकरण करायला सांगितलं. अंगठा उठवून घेतला म्हणजे संमती झाली, हा समज तिथे मोडला. बाळंतपणाच्या खोलीबाहेर मध्यरात्री नवऱ्याच्या अंगठ्याखाली सरकवल्या जाणाऱ्या कागदांपर्यंत मात्र तो अजून मोडलेला नाही.

महाराष्ट्राने यावर नाक वर करू नये. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले: ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर जगातल्या आरोग्यखात्यांना खेड्यातली बाई गरोदर असेल किंवा कुटुंबनियोजनाची गिऱ्हाईक असेल तेव्हाच दिसत असे. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, बीडमध्ये उलटा प्रकार समोर आला. ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. जिथे उपचार हवा तिथे तो नाही आणि जिथे नको तिथे सुरी तयार: दोन्ही अन्यायांचं मूळ एकच, बाईला नीट काही सांगायचं नाही आणि तिचं ऐकायचं नाही. अनावश्यक गर्भपिशवी शस्त्रक्रियांवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना निर्देश दिले, तेही आरोग्य कार्यकर्ते डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेमुळे.

निकालाने काय बदललं? मध्य प्रदेशाचा मातामृत्यू दर ३३५ वरून २००७-०९ मध्ये २६९ वर आला आणि २०१८-२० मध्ये १७३ वर. घट खरी आहे आणि तिचं श्रेय नर्स, आशा, गाड्या, रस्ते, मुलींचं वाढलेलं लग्नाचं वय, सगळ्यांना वाटून द्यावं लागेल. निकालाच्या वाट्याला किती येतं ते मोजायचं माप नाही. पण त्याच २०१८-२० मध्ये देशाचा दर ९७ होता, महाराष्ट्राचा ३३ आणि केरळचा १९. आणि हे सगळं राज्याची सरासरी. इंदूर शहरातल्या खासगी रुग्णालयात बाळंत होणारी आणि बोकराटाची बाई त्या एका आकड्यात शेजारी शेजारी बसतात.

कागदावर आता बरंच आहे. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण फुकट. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी नेणारी गाडीही फुकट. प्रत्येक मातामृत्यूची चौकशी व्हायला हवी, असा नियम आहे. मध्य प्रदेशात १८१ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. रुग्णाला आपले कागद मागायचा हक्क आहे. यातलं किती मिळतं ते विचारणारं कोणी शेजारी उभं आहे का, यावर ठरतं. आणि कळा देत असलेली बाई स्वतः ते विचारू शकत नाही.

म्हणून हे तिच्यासाठी नाही, तिच्यासोबत जाणाऱ्या तुमच्यासाठी. ‘रेफर’ हा शब्द कानावर पडला की गाडी बोलावतानाच चिठ्ठी मागा. तिच्यावर रक्तदाब लिहिला आहे का, रक्तस्राव किंवा झटक्यांचा उल्लेख आहे का, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं ते आहे का, पुढच्या रुग्णालयात कोणाला फोन केला त्याचं नाव आहे का, ते पाहा. निघण्याची वेळ लिहिली नसेल तर लिहून घ्या. पुढच्या दारात पोचल्यावर घड्याळ बघून त्याच चिठ्ठीवर पोचण्याची वेळ स्वतःच्या हाताने लिहा, आणि मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो काढल्याशिवाय ती कोणाच्याही हातात देऊ नका.